भुंगकाठी आणि सारवणारा हात

खूप खूप वर्षांमागची गोष्ट. नेमकी किती वर्षं, ते मला विचारू नका. ज्यांनी मला ती सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. त्या काळी प्राणी बोलायचे म्हणतात. पण या गोष्टीतल्या माणसांनी त्यांना मध्ये तोंड उघडू दिलं नाही, म्हणून इथे सगळी बडबड माणसांचीच आहे.

एक राज्य होतं. तिथला राजा भला होता. भला म्हणजे कुणी रडलं की विरघळायचा आणि कुणी ओरडलं की दचकायचा. त्याच्या वडिलांना हा स्वभाव माहीत होता, म्हणून त्यांनी जाताना एक नियम घालून दिला होता: ज्या कागदावर राजाच्या अंगठीचा शिक्का नाही तो हुकूम नव्हे, मग तो राजाने स्वतः गच्चीवरून ओरडून का सांगितलेला असेना.

त्याच राज्यात एक पट्टेकरी सरदार होता. दांडपट्टा फिरवायला लागला की आसपासची माणसं आपापली नाकं सांभाळायची. हात चांगला होता, नाही असं नाही. पण बघणारे असल्याशिवाय त्याचा हात चालत नसे. नाल ठोकलेले जोडे घालून तो खाडखाड चाले. कमरेला कट्यार, दंडात पोलादी पेट्या, गळ्यात चांदीचे सात ताईत. तो गल्लीच्या तोंडाशी आला की म्हातारी माणसं म्हणायची, "भांड्यांची गाडी आली वाटतं."

आणि एक येसाक्का होती. राजवाड्याची अंगणं आणि गावची खळी सारवायचं काम तिच्याकडे. चाळीस वर्षं शेणकाल्याची बादली आणि हात, एवढंच तिचं जग. तिचा मुलगा कोंडिबा गुणी होता, कष्टाळू होता, फक्त हसू आवरायची अक्कल देवाने त्याला द्यायची राहून गेली होती.

तेच नडलं. सुगीच्या आधी सरदाराने सगळ्या गावासमोर पट्ट्याचे हात दाखवले. शेवटच्या हाताला पट्टा असा काही गरकन फिरला, की सरदाराचा स्वतःचाच फेटा उडाला आणि शेजारी उभ्या असलेल्या बैलाच्या शिंगावर जाऊन बसला. बैलाला तो शोभलाही. हजार माणसांनी जिभा चावल्या, पदर तोंडात कोंबले. कोंडिबा मात्र पोट धरून हसला. हसता हसता खाली बसला आणि बसल्या बसल्याही हसला.

सरदाराने त्याला बांधून न्यायाधीशापुढे उभं केलं. सैन्याचा अपमान, सात वर्षं मिठागरावर मजुरी, अशी शिक्षा झाली. मिठागरावरून सात वर्षांनी येणारा माणूस ओळखू येत नसे, आणि बरेचसे येतच नसत.

येसाक्का राजापुढे जाऊन रडली. राजा लगेच विरघळला.

"हसण्याला कसली शिक्षा? मलाही हसू आलं होतं," तो म्हणाला. "मी तेवढ्यात खोकला काढला म्हणून बरं." त्याने माफीचा कागद लिहवून घेतला. "शिक्का उद्या मारतो. आज चिमणवाटा आहे."

चिमणवाटा हा तिथला सुगीचा रिवाज. खळ्यातलं पहिलं धान्य माणसाने खायचं नाही, चिमण्यांना द्यायचं. राजाने राजशेताच्या मधोमध गाडीवर उभं राहायचं आणि चारी बाजूंना मुठीमुठीने ज्वारी उधळायची. त्या दिवशी राजा पुरणपोळ्या खाऊन आला होता, आणि तुपाला त्याने कधी नाही म्हटलेलं नव्हतं. हाताला तूप, हातात ज्वारी, बोटात अंगठी. राजाने शंभर मुठी उधळल्या. संध्याकाळी हात धुताना बघतो तर बोट मोकळं!

तोवर राजशेतात सगळा गाव नाचून गेला होता, वर गुरंही फिरली होती. काळी भुसभुशीत माती. अंगठी तिच्या पोटात कुठेतरी गेली.

दुसऱ्या दिवशी राज्य ठप्प झालं. मुदपाकखान्याला तूप मिळेना, कारण मागणीवर शिक्का नाही. हत्तीला नदीवर नेता येईना. सोनार म्हणाला, "नवी अंगठी महिनाभरात घडवून देतो, पण तसा शिक्क्याचा हुकूम द्या." शेवटी अंगठी शोधण्याचा हुकूम काढावा असं ठरलं, तर त्यावरही शिक्का हवा! प्रधान कपाळाला हात लावून बसला.

या सगळ्यात खरा जीव टांगणीला लागला होता तो येसाक्काचा. मिठागराची गाडी वर्षातून एकदाच निघे, आणि ती त्या दिवसापासून तिसऱ्या दिवशी निघणार होती. निशाणाच्या काठीची सावली वेशीच्या दगडाला टेकली की गाडीने वेस ओलांडायची, ही ठरलेली वेळ. राजा स्वतः बंदिशाळेत गेला.

"नाईक, कोंडिबाला सोडा. मी माफ केलंय," तो म्हणाला.

"शिक्का दावा म्हाराज," बंदिशाळेचा नाईक नम्रपणे म्हणाला.

"अरे, मी राजा समोर उभा राहून सांगतोय ना!"

"थोरल्या म्हाराजांनी मला सांगून ठेवलंय, माझा पोरगा समोर उभा राहून सांगंल, तवाच जास्त सांभाळून ऱ्हा."

राजा मान खाली घालून परत आला.

आता शस्त्रागारात एक विचित्र वस्तू पडून होती. मागे कधीतरी एक फिरता तांबट ती ठेवून गेला होता. लांब बांबू, त्याच्या टोकाला वेताचं पसरट रिंगण आणि रिंगणाला तांब्याच्या तारेचे वेढे. ते रिंगण धातूच्या जवळून गेलं की भुंग्यासारखं गुणगुणे. म्हणून तिचं नाव भुंगकाठी. ठेवायची कुठे हे न कळल्यामुळे ती तलवारींच्या शेजारी ठेवली होती. आणि तलवारींच्या शेजारी होती म्हणून ती हत्यार आहे, अशी सरदाराची खात्री झाली.

"महाराज, हे काम माझं," तो छाती काढून म्हणाला. "फिरवायची वस्तू आहे ना? मग माझ्यासारखा फिरवणारा या राज्यात दुसरा कोण?"

गाव जमलं. बघायला माणसं आहेत म्हटल्यावर सरदाराला स्फुरण चढलं. त्याने मिशीला पीळ दिला, पवित्रा घेतला आणि भुंगकाठी डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत अशी सणसणत फिरवली की पहिल्याच फटक्याला प्रधानाची पगडी गेली. रिंगण मध्ये जरासं जमिनीकडे उतरे आणि दोन्ही टोकांना आभाळात जाई. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मातीत काय आहे याची चौकशी मात्र त्या रिंगणाने एकदाही केली नाही.

तेवढ्यात रिंगण खाली उतरताना गुणगुणलं.

"सापडली!" सरदार ओरडला. "खणा!"

आवाज त्याच्या पायाशी आला होता. गड्यांनी त्याच्या पायाशी खड्डा खणला. माती निघाली. सरदार दोन पावलं पुढे गेला, पुन्हा पट्ट्याचा हात फिरवला, पुन्हा पायाशी गुणगुण झाली, पुन्हा खड्डा झाला. दिवसभरात साठ खड्डे झाले. एकात चिडलेला उंदीर निघाला, बाकीच्यांत तोही नाही. त्याच्या जोड्यांना नाल आहेत हे सगळ्या गावाला ऐकू येत होतं. सरदाराला तेवढं आठवलं नाही. रोज आरशात बघणाऱ्या माणसाची नजर पायापर्यंत पोहोचतच नसावी.

संध्याकाळी तो राजाकडे गेला. घामाघूम झाला होता, पण आवाज तसाच होता.

"महाराज, शत्रू मायावी आहे. अंगठी माझ्या मागे मागे चालते. मी थांबलो की थांबते, मी निघालो की निघते."

राजा दचकला. "अंगठी चालते?"

"माझ्या कानांनी ऐकलंय. आपण एक दिवस द्या, उद्या तिला दमवतो."

दुसरा दिवसही तसाच सत्तर खड्ड्यांत गेला. राजशेताला देवी आल्यासारखे खड्डे पडले, आणि दमला तो सरदारच.

तिसऱ्या दिवशी सकाळी येसाक्का शेताच्या बांधावर येऊन उभी राहिली. दोन दिवस ती बघत होती. आता तिने पदर खोचला.

"म्हाराज, ती काठी मला द्या."

दरबारी हसले. सरदार तर मोठ्याने हसला. हसण्याबद्दलचे त्याचे नियम स्वतःला लागू नव्हते.

"म्हातारे, पट्टा कधी हातात धरलायस का?"

"न्हाई बा. मी शेण धरलंय."

"मग शेणात आणि यात काय साम्य?"

"तुमी फिरवताय ते लोकांनी बघावं म्हून. मी हात फिरवते ते जमीन सारवून निघावी म्हून," येसाक्का म्हणाली. "आन आधी तुमी बांधापलीकडं जाऊन उभे ऱ्हावा. तुमी लोहाराचं चालतं दुकान हाय. तुमी जवळ असला तर काठी तुमचंच गाणं म्हणत बसंल."

सरदाराने खाली बघितलं. प्रथम जोड्यांकडे, मग साठ अधिक सत्तर खड्ड्यांकडे. त्याचा चेहरा हळूहळू उतरला, आणि तो बांधापलीकडे गेला. जाताना खाडखाड आवाज येऊ नये म्हणून टाचा उचलून चालला.

येसाक्काच्या अंगावर काचेच्या बांगड्यांशिवाय काही नव्हतं. ती शेताच्या एका कोपऱ्यात अनवाणी उभी राहिली. तिने रिंगण मातीच्या इतकं जवळ आणलं की मधून गवताची काडी जेमतेम जावी. मग डावीकडून उजवीकडे, सावकाश, सपाट. टोकाला गेली तरी रिंगण वर उचललं नाही, जसं गेलं तसं मातीच्या अंगाला धरूनच परत आणलं. मग अर्धं पाऊल पुढे, आणि नवा फेरा जुन्या फेऱ्यावर निम्मा चढवला.

राजा बांधाबांधाने तिच्याबरोबर चालत होता. त्याला राहवेना.

"येसाक्का, निम्मी जागा तर तू मघाशीच बघितलीस. पुन्हा कशाला?"

"सारवताना हातावर हात चढला न्हाई तर मधी पट्टा कोरडा ऱ्हातो, म्हाराज. लांबनं दिसत न्हाई. धान्य पडलं का मग कळतं."

"आणि टोकाला जरासा हात उचललास तर? दमशील ना."

"हात उचलला का तिथंच पोपडा निघतो."

भुंगकाठी हळूच गुणगुणली. येसाक्का थांबली, रिंगण आडवं फिरवलं, उभं फिरवलं, बोटाने एका जागेवर खूण केली आणि ओंजळभर माती काढली. बैलाच्या पायातल्या पत्रीचा खिळा. तो तिने बांधावर ठेवला. मग विळ्याचं मोडकं टोक निघालं. मग वासराच्या गळ्यातली घुंगुरमाळ. तिच्यासाठी एका लहान मुलीने वर्षापूर्वी तीन दिवस रडून घर डोक्यावर घेतलं होतं. एकही खड्डा वितीपेक्षा मोठा झाला नाही, आणि प्रत्येक खड्डा तिने पुन्हा तळव्याने दाबून बुजवला.

बघणारे कंटाळून पांगू लागले. चांगलं काम बघायला फार मजा येत नाही, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगतो.

ऊन कललं. निम्मं शेत झालं, पाऊण झालं. निशाणाची सावली वेशीकडे सरकू लागली. आणि मग शेताच्या कडेच्या रस्त्यावर मिठागराची गाडी येऊन उभी राहिली. गाडीत सहा कैदी होते. सहावा कोंडिबा. तो हसत नव्हता.

"आये!" त्याने हाक मारली. "किती ऱ्हायलं?"

बांधावरचे सगळे एकदम ओरडायला लागले. "येसाक्का, भरभर! अगं पाय उचल! सावली आली!" प्रधान ओरडला, राजा ओरडला, बांधापलीकडून सरदारसुद्धा ओरडला. येसाक्काने मुलाकडे पाहिलं आणि तिचा चाळीस वर्षांचा हात घाईवर आला. पोटचं पोर गाडीत बसलेलं दिसत असताना सावकाश राहायला सांगणं सोपं आहे. राहून बघा एकदा. तिने रिंगण झपझप फिरवलं. एक फेरा, दोन, तीन. तीन पावलं एका दमात पुढे. रिंगण दोन्ही टोकांना वर गेलं. काही गुणगुणलं नाही.

आणि ती थांबली.

पुढे अजून शेवटची पट्टी राहिली होती. सावली वेशीच्या दगडापासून हातभर दूर होती. येसाक्का वळली आणि तीन पावलं मागे आली.

"अगं ए बाई!" राजा केस ओढत ओरडला. "पुढे जा, पुढे! ते झालं ना बघून!"

"न्हाई झालं," येसाक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात आता सावकाश होता. तिने रिंगण पुन्हा जमिनीला भिडवलं. पहिला फेरा सपाट, सावकाश. दुसरा फेरा पहिल्यावर निम्मा. तिसऱ्या फेऱ्याला, अगदी टोकाला, जिथे मघाशी तिचा हात उचलला गेला होता आणि कालपरवा सरदाराचा तर आभाळातच गेला होता, तिथे दोन खड्ड्यांच्या मधल्या वीतभर जागेत, भुंगकाठी गुणगुणली.

ओंजळभर माती. आणि मातीत पिवळी धमक अंगठी, अजून जराशी तुपकट.

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. कागद होता, लाख होती, दिवटी होती, पण शिक्का मारायला सपाट जागा कुठेच नव्हती. सगळीकडे खड्डे! राजाने इकडे तिकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सरदाराला दरडावलं.

"सरदार, वाका!"

सरदार दचकला आणि वाकला. त्याच्या रुंद पाठीवर कागद पसरला, लाख ओतली. ती जरा गरम होती, पण सरदार हूं की चूं करू शकला नाही. राजाने शिक्का दाबला. कागद घेऊन प्रधान पळाला. गाडीबरोबर आलेल्या नाईकाने कागद उन्हाकडे धरून पाहिला, उलटा करून पाहिला.

"शिक्क्यात माती हाय," तो म्हणाला.

"नाईक!" सगळा गाव ओरडला.

"न्हाई, चालंल. आपल्याच राज्याची हाय," नाईक म्हणाला आणि त्याने साखळी सोडली. सावली तेव्हा दगडाला टेकत होती.

कोंडिबा गाडीतून उडी मारून शेतात आला. येसाक्काने त्याला आधी मिठी मारली आणि मग पाठीत एक दणका घातला. दोन्ही मनापासून होतं.

राजाने विचारलं, "येसाक्का, काय पाहिजे ते माग."

"पेरा जवळ आलाय, म्हाराज. हे खड्डे बुजवून पायजेत. ज्यानं खणवले त्यानं बुजवावे. जोडे काढून."

सरदार आठ दिवस राजशेतात अनवाणी होता. पहिल्या दिवशी गाव बघायला आलं, दुसऱ्या दिवशी निम्मं, चौथ्या दिवशी कुणीच नाही. बघायला कुणी नसताना हात कसा चालवायचा, हे तो पाचव्या दिवशी शिकला असं म्हणतात. आठव्या दिवशी त्याने येसाक्काला बोलावलं. ती सगळ्या शेतावरून चालून आली.

"बरं झालंय," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यात एक ऱ्हायलाय."

सरदाराने मान हलवली आणि घमेलं घेऊन त्या कोपऱ्याकडे निघाला.

शेत बघायला राजाही आला होता; परतताना तो येसाक्काला म्हणाला, "एक सांग. पोर डोळ्यांदेखत चाललं होतं, शेवटची पट्टी समोर होती. पुढे जायचं सोडून तू मागे का वळलीस?"

येसाक्का म्हणाली, "म्हाराज, ती तीन पावलं मी चालले होते, बघितली नव्हती. पुढं जाऊन समदं शेत संपवलं असतं आन अंगठी घावली नसती, तर लोक म्हणाले असते, येसाक्कानं समदं शेत धुंडाळलं, बिचारीचं नशीबच खोटं. मला तेवढं ठावं असतं, का नशीब न्हाई, ती तीन पावलं खोटी होती. मग सात वर्सं मी कुठल्या हातानं अंगण सारवलं असतं?"



तात्पर्य: काम दिसण्यासाठी हात उंच जातो आणि होण्यासाठी जमिनीला धरून चालतो, घाईत सुटलेल्या जागेकडे जो लाज सोडून मागे वळतो, त्यालाच हरवलेलं सापडतं.